बीजांचा सांठा आणि त्याचे पहारेकरी

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत स्त्रीच्या ऋतुकालाची मर्यादा सांगितलेली आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास रज दिसूं लागतें आणि शरीर जरेनें पक्व झालें म्हणजे पन्नाशीच्या सुमारास तें क्षय पावतें, असा त्या ग्रंथाचा निर्णय आहे. गर्भधारणेस ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चारांचा मेळ लागतो, हेंही तेथेंच सांगितलें आहे. आजच्या वैद्यांनीं हजारों स्त्रियांस विचारून काढलेला आकडा याहून फारसा निराळा नाहीं. पाश्चात्य देशांत रजोनिवृत्ति सरासरीनें पन्नास-एक्कावन्नाव्या वर्षीं होते. आपल्या देशांत ती ४६-४७ च्या सुमारास होते.

आकडा ठाऊक होता. कारण ठाऊक नव्हतें. हृदय, यकृत, मूत्रपिंडें हीं सारीं सत्तर-ऐंशी वर्षें बिनतक्रार चाकरी करतात. मग सर्वांच्या मागून कामावर रुजू झालेला अंडाशयच सर्वांच्या आधीं पेन्शन कां घेतो? या प्रश्नाचें उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जनुकांच्या अभ्यासानें पुष्कळसें उलगडलें आहे, आणि तें इतकें अनपेक्षित आहे कीं, आमच्यासारख्या जुन्या शिक्षकासही तें वाचून पुन्हां विद्यार्थी व्हावेंसें वाटलें.

असला विषय घरांत सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, हा विषय घरांत आधींच आहे. फक्त तो अज्ञानाच्या रूपानें आहे. ‘वांझ’ हा शब्द आपल्या ओसरीवर अद्यापि उच्चारला जातो. ‘गर्भ टिकवतां येत नाहीं’ हा ठपका सुनेवरच येतो. दुसऱ्या बाजूस, आपल्या मुली शिकून-सवरून अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षीं लग्न करूं लागल्या आहेत. त्यांस एक पक्ष भय घालतो, आणि दुसरा पक्ष जाहिरातींच्या भाषेंत ‘वयाची चिंता करूं नका’ असें सांगतो. दोन्ही पक्षांस खरी हकीकत ठाऊक नसते. ती येथें शक्य तितक्या सोप्या रीतीनें सांगण्याचा आमचा मानस आहे.

जन्मापूर्वींची ठेव

सस्तन प्राण्यांचें बीज मनुष्याच्या दृष्टीस प्रथम पडलें तें १८२७ सालीं. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञानें तें एका कुत्रीच्या अंडाशयांत पाहिलें. त्यानंतर हळूहळू असें ध्यानांत आलें कीं, पुरुष आणि स्त्री यांच्या बीजव्यवहारांत मूलभूत भेद आहे. पुरुषाच्या शरीरांत वयांत आल्यापासून वृद्धपणापर्यंत नवे शुक्राणु रोज तयार होत असतात. तो चालता कारखाना आहे. स्त्रीचें तसें नाहीं. तिचीं सर्व बीजें ती स्वतः आईच्या उदरांत असतांनाच तयार होतात, आणि पुढें त्यांत भर पडत नाहीं. ती एक ठेव आहे. तिच्यांतून फक्त खर्च होतो.

ह्या ठेवीचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. मुलीचा गर्भ सुमारें वीस आठवड्यांचा असतो तेव्हां त्याच्या अंडाशयांत साठ ते सत्तर लाख बीजें असतात. ती जन्मास येते तेव्हां दहा ते वीस लाख उरतात. पाळी सुरू होते तेव्हां तीन-चार लाख. त्यांपैकीं सबंध आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडतात तीं अवघीं चारशें-पांचशें. आणि सुमारें एक हजार उरलीं म्हणजे पाळी थांबते. म्हणजे बहुतेक सारी ठेव वापरली न जातांच झिजून जाते. ही झीज बालपणांत थांबत नाहीं, गर्भारपणांत थांबत नाहीं आणि पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांनींही थांबत नाहीं. ‘फार बाळंतपणें झालीं म्हणून बीज संपलें’ किंवा ‘मूल होऊं दिलें नाहीं म्हणून बीज सुकलें’ या दोन्ही समजुती निराधार आहेत.

२००४ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं उंदरिणीच्या अंडाशयांत जन्मानंतरही नवीं बीजें निपजतात असें प्रतिपादन केलें, आणि त्यावरून मोठा वाद माजला. परंतु स्त्रीच्या अंडाशयांत उपयोगी पडेल असें नवें बीज पुढें निपजतें, हें अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. तेव्हां एक गोष्ट निश्चित धरावी. आज जें मूल आपल्या मांडीवर खेळत आहे, तें ज्या बीजापासून झालें तें बीज त्याच्या मातामहीच्या उदरांत, त्याची आई अजून जन्मलीही नव्हती तेव्हां, घडलें होतें. आजी आणि नातवंड यांचा संबंध आपण समजतों त्याहून जवळचा आहे.

निजवणारीं जनुकें

आतां जनुक म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्या प्रत्येक पेशीच्या मध्यभागीं एक केंद्रक असतें, त्यांत गुणसूत्रें असतात, आणि त्यांवर सुमारें वीस हजार जनुकें ओळीनें मांडलेलीं असतात. प्रत्येक जनुक हें एक प्रथिन कसें बनवावें याचें लिखित विधान होय. सर्व पेशींत तेंच लिखाण असतें. मग डोळ्याची पेशी निराळी आणि यकृताची निराळी कां? घरांत पोथी एकच असली तरी श्रावणांत एक अध्याय वाचतात, चैत्रांत दुसरा. तसेंच हें आहे. कोणत्या पेशींत, कोणत्या वेळीं, कोणतें जनुक वाचलें जातें यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. जनुक असणें ही एक गोष्ट, जनुक जागें असणें ही दुसरी. पुढील सर्व हकीकत या दुसऱ्या गोष्टीची आहे.

अंडाशयांतील प्रत्येक बीज पेशींच्या एका पातळ वेष्टनांत निजलेलें असतें. त्यांतील कांहीं बीजें दररोज जागीं होतात आणि वाढीस लागतात. एकदां जागें झालेलें बीज पुन्हां निजत नाहीं. तें पक्व तरी होतें, नाहीं तर मरतें. म्हणून बीजांचा सांठा किती वर्षें पुरेल हें, रोज किती बीजें जागीं होतात यावर ठरतें. पूर्वीं शास्त्रज्ञ ‘बीज जागें कोण करतें’ हें शोधीत होते. खरा प्रश्न उलट निघाला: त्यास निजवून कोण ठेवतें?

२००३ सालीं अमेरिकेंत ‘फॉक्सो-३’ नांवाचें जनुक काढून टाकलेल्या उंदरिणींवर प्रयोग झाला. त्या उंदरिणी दिसण्यांत निरोगी होत्या. परंतु त्यांच्या अंडाशयांतील यच्चयावत् बीजें जन्मानंतर थोड्याच दिवसांत एकदम जागीं झालीं, आणि त्या ऐन तारुण्यांतच वंध्य झाल्या. २००८ सालीं स्वीडनमध्यें बीजांतून ‘पी-टेन’ नांवाचें दुसरें जनुक काढून पाहिलें. परिणाम तोच झाला. यावरून उलगडा झाला तो असा. फॉक्सो-३ चें प्रथिन हा पहारेकरी आहे. तो बीजाच्या केंद्रकांत बसलेला असतो, तोंपर्यंत बीज निजून राहतें. पेशींतील वाढीचा संदेश जोरांत आला म्हणजे या पहारेकऱ्यावर एक रासायनिक शिक्का बसतो, तो केंद्रकाबाहेर घालविला जातो आणि बीज जागें होतें. पी-टेनचें काम त्या वाढीच्या संदेशास आवर घालण्याचें. म्हणजे पी-टेन गेलें तर पहारेकरी गेला, आणि पहारेकरी गेला तर सारें कोठार एकाच दिवशीं उघडलें.

संग्रहाची किल्ली संयमांत असते, हें आपल्याकडे निराळ्या अर्थानें सांगत आले आहेत. येथें तें अक्षरशः खरें ठरलें. प्रजननशक्ति टिकून राहते ती जनुकें उत्साहानें काम करतात म्हणून नव्हे, तर कांहीं जनुकें अहोरात्र जागीं राहून बीजांस निजवितात म्हणून.

या ज्ञानाचा उपयोग करून पाहण्याचा यत्नही झाला आहे. ज्या स्त्रियांचे अंडाशय अकालीं थकले होते त्यांच्या अंडाशयाचे तुकडे काढून, त्यांतील पी-टेनचें काम औषधानें तात्पुरतें थांबवून, ते पुन्हां बसविण्याची रीति जपानी वैद्यांनीं काढली. आणि २०१३ सालीं त्या रीतीनें एका स्त्रीस मूल झाल्याचें प्रसिद्ध झालें. परंतु यश थोड्यांस आलें, आणि हा सर्वांस लागू पडणारा उपाय अद्यापि झालेला नाहीं. कोणी तसें आश्वासन देईल तर सावध असावें.

सुंदरबनापासून फलटणपर्यंत

दर ऋतूस किती बीजें पक्व व्हावींत हेंही जनुकेंच ठरवितात. स्त्रीचें बहुधा एक, मांजरीचीं अनेक. याविषयींची सर्वांत बोधप्रद कथा मेंढ्यांची आहे, आणि तिचें अखेरचें प्रकरण आपल्या सातारा जिल्ह्यांत घडलें आहे.

ऑस्ट्रेलियांत ‘बुरुला’ नांवाचा मेंढ्यांचा एक कळप होता. इतर मेंढ्या एका वेळीं एक कोंकरूं देत, तेथें या मेंढ्या दोन-तीन, क्वचित् त्याहूनही अधिक देत. एका जनुकाची एक बदललेली प्रत असली तर सुमारें दीड बीज अधिक पक्व होतें, आणि दोन्ही प्रती तशा असल्या तर सुमारें तीन. २००१ सालीं तीन निरनिराळ्या संशोधकमंडळांनीं तें जनुक शोधून काढलें. सबंध जनुकांत फरक होता तो एका अक्षराचा. त्या एका अक्षरानें प्रथिनाच्या सांखळींतील २४९ वा मणी तेवढा बदलला होता.

याचें कार्य असें. बीज आणि भोंवतालच्या पेशी यांचा सतत संवाद चाललेला असतो. बीज कांहीं प्रथिनें बाहेर सोडतें आणि त्या पेशी तीं ऐकतात. ज्या जनुकांत बदल झाला तें ऐकणाऱ्याच्या कानाचें जनुक होय. कान थोडासा मंद झाला म्हणजे बीजकोश लहान असतांनाच पक्व होतात, आणि एकाच्या जागीं अनेक पक्व होतात.

पण अधिक म्हणजे नेहमीं चांगलें असें नाहीं. न्यूझीलंडमधील ‘इन्व्हरडेल’ नांवाच्या मेंढ्यांत बीजाच्या वाणीचेंच जनुक बदललेलें आढळलें. ज्या मेंढीस त्याची एक प्रत मिळते तिला कोंकरें अधिक होतात. ज्या मेंढीस दोन्ही प्रती मिळतात ती जन्मतःच वंध्य असते. तेंच जनुक एका बहिणीस बहुप्रसवा करतें आणि दुसरीस निःसंतान ठेवतें. दोघींचा गुण नाहीं, दोघींचा दोष नाहीं. आमच्या मतें हा एक दाखला शंभर उपदेशांच्या बरोबरीचा आहे.

बुरुला मेंढीकडे हें जनुक आलें कोठून? १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून बंगालच्या मेंढ्या जहाजानें ऑस्ट्रेलियास गेल्या होत्या. सुंदरबनांत ‘गारोळ’ नांवाची एक ठेंगणी मेंढी आहे. तिला जुळीं होणें ही नित्याची गोष्ट. तिची जनुकपरीक्षा केली तेव्हां तोच अक्षरबदल तिच्यांत सांपडला, आणि ऑस्ट्रेलियांतील मेंढ्यांचें माहेर गंगेच्या मुखापाशीं असावें हा तर्क दृढ झाला. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें हें जनुक गारोळ मेंढीपासून आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढींत पद्धतशीर संकर करून आणलें आणि ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. दख्खनी मेंढी एका वेतास बहुधा एकच कोंकरूं देते. हें जनुक आलेल्या मेंढ्या सरासरीनें दीडाच्या आसपास देतात. माळरानावर हिंडणाऱ्या मेंढपाळाच्या संसारांत एवढा फरक फार मोठा असतो. तीन-तीन, चार-चार कोंकरें होणें मात्र दख्खनच्या रुक्ष रानांत परवडत नाहीं, त्यांस दूध पुरत नाहीं. म्हणून मर्यादित वृद्धि हीच तेथें इष्ट.

परीक्षक आणि दुरुस्ती करणारे

मेंढ्यांकडून पुन्हां मनुष्याकडे वळूं. रजोनिवृत्ति कोणत्या वयांत यावी हें कशानें ठरतें? २०२१ सालीं दोन लाखांच्या वर स्त्रियांच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या स्त्रिया मुख्यतः युरोपीय वंशाच्या होत्या, हें लक्षांत ठेवावें. या वयावर परिणाम करणाऱ्या २९० जागा गुणसूत्रांवर आढळल्या. त्यांतील पुष्कळ जागा प्रजननाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनुकांच्या नव्हत्या. त्या होत्या जनुकलिखाणांतील तुटफूट ओळखून ती दुरुस्त करणाऱ्या जनुकांच्या.

बीज तीस-चाळीस वर्षें निजून राहतें खरें, पण तेवढ्या काळांत त्याच्या लिखाणास कसर लागते. दुरुस्ती करणारीं जनुकें ती भरून काढतात. जें बीज फारच बिघडलें असेल त्यास ‘चेक-२’ नांवाच्या जनुकाचा कठोर परीक्षक नापास करतो, आणि तें बीज मरून जातें. उंदरिणींत हें जनुक काढून टाकलें, किंवा दुरुस्तीस साहाय्य करणाऱ्या ‘चेक-१’ या जनुकाची एक प्रत वाढविली, तेव्हां त्यांचा प्रजननकाल लांबला. ज्या स्त्रियांत चेक-२ ची एक प्रत निकामी आहे त्यांची रजोनिवृत्ति सरासरीनें साडेतीन वर्षें उशिरा होते असेंही त्या पाहणींत दिसून आलें.

मग हा परीक्षक घालवूनच कां टाकूं नये? आम्हीं चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. कठोर परीक्षक कोणास आवडत नाहीं हें आम्ही जाणतों. पण चेक-२ निकामी असलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा संभव वाढतो. परीक्षक दूर केला म्हणजे न शिकलेलेही पुढच्या वर्गांत जातात, त्यांतलीच ही गत. सृष्टींतील प्रत्येक मर्यादेमागें कांहीं तरी राखण असते. ती उठविण्यापूर्वीं मोल विचारावें लागतें.

मनुष्याच्या हातीं असलेली एक गोष्ट येथें सांगून ठेवतों. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ति सुमारें एक-दोन वर्षें आधीं होते. बाकी, आईची व बहिणीची पाळी कोणत्या वयांत थांबली यावरून मुलीच्या बाबतींत पुष्कळसा अंदाज बांधतां येतो.

जुन्या दोऱ्या

सांठा कमी होणें ही अर्धी हकीकत झाली. उरलेल्या बीजांचेंही वय वाढत असतें, ही दुसरी अर्धी.

बीज तयार होतांना गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र येतात आणि ‘कोहेसिन’ नांवाच्या प्रथिनाच्या जणूं दोऱ्यांनीं बांधल्या जातात. त्या अवस्थेंत बीज थांबतें तें थेट पक्व होण्याच्या दिवसापर्यंत, म्हणजे पंधरा वर्षेंही, पंचेचाळीस वर्षेंही. त्या दोऱ्या वळण्याचें काम जन्मापूर्वीं चालतें. पुढें त्या नव्यानें वळल्या जात नाहींत, असें उंदरिणींवरील प्रयोगांत दिसलें आहे. चाळीस वर्षांची सुतळी कितीही जपून ठेविली तरी जीर्ण होणारच. ती अवेळीं सुटली म्हणजे गुणसूत्रांची वांटणी चुकते. बीजांत एखादें गुणसूत्र अधिक जातें किंवा एखादें कमी पडतें. असले गर्भ बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच गळतात. गर्भ न टिकण्याचें हें एक मोठें कारण आहे. ‘जिना चढली’, ‘प्रवास केला’, ‘पपई खाल्ली’ असले आरोप करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या चुकीनें तो गर्भ गेला ती बहुधा गर्भ राहण्यापूर्वींच होऊन चुकली होती.

कांहीं गर्भ मात्र जगतात. २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत मिळालेलें मूल जन्मास येतें, त्यास डाउन-लक्षणसमूह म्हणतात. हें कारण १९५९ सालीं फ्रान्समध्यें लजन यांनीं दाखविलें. आईचें वय पंचवीस असतां असें मूल सुमारें साडेबाराशें प्रसूतींत एक, पस्तीस असतां साडेतीनशेंत एक, चाळीस असतां शंभरांत एक आणि पंचेचाळीस असतां तिसांत एक, असें प्रमाण आहे. हे आकडे दोन्ही बाजूंनीं वाचावे. चाळिसाव्या वर्षीं शंभरांत एक, म्हणजे नव्व्याण्णव मुलें त्या दोषावांचून. भय घालण्यास हा आकडा पुरत नाहीं. दुर्लक्ष करण्याइतका तो लहानही नाहीं.

पुरुषाचा वांटा

आतांपर्यंत पुरुषवाचक निश्चिंत बसले असतील. त्यांच्याकडे आतां वळतों.

मुलगा होणार कीं मुलगी हें पित्याच्या शुक्राणूवरून ठरतें. माता नेहमीं एक्स गुणसूत्रच देते, पिता एक्स किंवा वाय देतो. वाय गुणसूत्रावरील ‘एस. आर. वाय.’ हें जनुक १९९० सालीं लंडनमध्यें सांपडलें, आणि पुढल्याच वर्षीं तें घातलेला, गुणसूत्रांनीं मादी असलेला उंदराचा गर्भ नर होऊन जन्मास आला. नवल हें कीं, उंदराच्या गर्भांत हें जनुक जागें असतें तें अवघें दोन दिवसांच्या आसपास. तेवढ्या अवधींत तें सर्व दिशा ठरवून मोकळें होतें. कन्यारत्नांच्या नांवानें सुनेस बोल लावणाऱ्या सासवांनीं हें जनुक कोणाच्या घराण्यांतून आलें असतें याचा विचार करावा.

पुरुषाचा कारखाना चालता असतो हें वर सांगितलेंच. पण चालत्या कारखान्यांतही चुका होतात, किंबहुना अधिक होतात, कारण प्रत्येक नव्या शुक्राणूसाठीं सबंध लिखाण पुन्हां उतरून काढावें लागतें. हा तर्क रक्तस्रावाच्या आनुवंशिक रोगावरून जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९४७ सालीं मांडला. तेच हाल्डेन १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन राहिले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. त्यांचा तर्क २०१२ सालीं आइसलंडमधील कुटुंबांच्या जनुकपरीक्षेनें पक्का झाला: पित्याचें वय एका वर्षानें वाढलें कीं अपत्याच्या लिखाणांत सुमारें दोन नव्या चुकांची भर पडते. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, पण सर्व नव्हे. शिवाय कांहीं पुरुषांत वाय गुणसूत्राचा एखादा तुकडाच गळालेला असतो, आणि मग शुक्राणु अत्यल्प होतात किंवा मुळींच होत नाहींत. शरीर धडधाकट, मिशीला पीळ, आणि दोष तेथेंच! ज्या जोडप्यांस मूल होत नाहीं त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा कांहीं ना कांहीं भाग असतो.

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरांत सुनेनें नऊ वर्षें व्रतें केलीं, काढे घेतले, दोनदां शस्त्रक्रिया सोसली. तिच्या नवऱ्याची साधी तपासणी दहाव्या वर्षीं झाली, आणि कारण त्याच दिवशीं कळलें. तोंवर तिचें वय छत्तीस झालें होतें. त्या घरांत पदवीधर पांच होते. विद्येचा अभाव नव्हता. ‘आधीं तिचें पाहूं’ ही परंपरा मात्र होती.

आजी कशासाठीं?

कोणी विचारील, निसर्गानें ही मर्यादा घातलीच कां? बहुतेक सस्तन प्राण्यांत ती दिसत नाहीं. हत्तीण साठी उलटल्यावरही वितें. आफ्रिकेंतील भूमिगत केसहीन मोल-उंदरांची राणी तर तीस वर्षांच्या आयुष्यांत अखेरपर्यंत प्रसवते. २०२३ सालच्या संशोधनांत असें आढळलें कीं, तिच्या जातींत जन्मानंतरही नवीं बीजें तयार होतात. म्हणजे बीजांचा सांठा बंदिस्त असणें हा सस्तनांचा अटळ नियम नव्हे.

रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाल जगणारे प्राणी मात्र अगदीं थोडे. त्यांत मनुष्य आहे, आणि दांत असलेल्या देवमाशांच्या पांच जाती आहेत. ओर्का नांवाच्या देवमाशाची मादी चाळिशीच्या सुमारास प्रसवणें थांबवते आणि ऐंशी वर्षांपर्यंतही जगूं शकते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओर्कांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१९ सालीं असें दिसून आलें कीं, ज्या पिलांस अशी वयस्क आजी आहे तीं अधिक जगतात; मासळीच्या दुष्काळांत तर विशेषच, कारण अन्न कोठें मिळेल हें तिला ठाऊक असतें. स्वतःची प्रसूति थांबवून मुलीच्या संसारास हातभार लावणें हें कुलाच्या हिताचें ठरलें असावें, असा तर्क त्यावरून करतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस तो पटवून देण्याची जरूर नाहीं. रजोनिवृत्ति म्हणजे ऱ्हास नव्हे. ती कदाचित् आजीपणाची दीक्षा आहे.

घरानें काय करावें

एवढ्या विवेचनावरून व्यवहारांत जें निघतें तें सांगून लेख पुरा करतों.

पहिली गोष्ट, दोष देणें बंद करावें. स्त्रीनें हा सांठा कमावलेला नसतो आणि उधळलेलाही नसतो. तो तिला जन्मापूर्वीं मिळालेला असतो, आणि त्याचे पहारेकरी तिच्या आज्ञेंत नसतात.

दुसरी, तपासणी पतिपत्नींची बरोबरच व्हावी. पस्तिशीच्या आंत एक वर्ष आणि पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून वैद्यांकडे जावें, असा सर्वसाधारण दंडक आहे.

तिसरी, घरांतील वडील स्त्रियांनीं आपली पाळी कोणत्या वर्षीं थांबली हें मुलीसुनांस संकोच न धरतां सांगावें. चाळिशीच्या आंत पाळी थांबणाऱ्या स्त्रिया शंभरांत एक किंवा त्याहून कांहीं अधिक असतात. त्यांपैकीं कांहींत एक्स गुणसूत्रावरील ‘एफ. एम. आर. १’ या जनुकांत एका लहान तुकड्याची ५५ ते २०० वेळां पुनरावृत्ति झालेली असते. अशा स्त्रियांपैकीं पांचांत एकीचे अंडाशय अकालीं थकतात. हीच पुनरावृत्ति पुढल्या पिढींत २०० च्या पलीकडे गेली तर मुलांस, विशेषतः मुलग्यांस, बुद्धिमांद्य येतें. मावशीची पाळी लौकर जाणें आणि भाच्याची बुद्धि मंद असणें यांचा संबंध असूं शकतो, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. म्हणून दोन्ही गोष्टी वैद्यांस सांगाव्या.

चौथी, सांठा मोजण्याची ‘ए. एम. एच.’ ही रक्ताची तपासणी आतां सर्वत्र होते. तिच्यावरून बीजें सुमारें किती उरलीं हें कळतें. तीं कशीं आहेत हें कळत नाहीं, आणि या वर्षीं मूल होईल कीं नाहीं हेंही कळत नाहीं. एका आकड्यावरून कोणी हताश होऊं नये, आणि कोणी निर्धास्तही राहूं नये.

शेवटची गोष्ट मुलींच्या शिक्षणाची. या ज्ञानाचा उपयोग करून कोणी आपल्या मुलीचें शिक्षण तोडील तर त्यानें हा लेख उलटा वाचला असें होईल. मुलीस घड्याळ दाखवावें. तिचा हात धरून ओढूं नये. पस्तिशीनंतर बीजांची संख्या व गुण दोन्ही झपाट्यानें उतरतात, हें तिला विसाव्या वर्षीं ठाऊक असावें, आणि तिच्या भावी नवऱ्यासही ठाऊक असावें. मग शिक्षण, नोकरी, विवाह, अपत्य यांचा क्रम दोघांनीं विचारानें लावावा, आणि त्यांनीं लवकर मूल हवें म्हटलें तर तें सांभाळण्यास घरांतील वडील मंडळींनीं पुढें व्हावें. नातवंडाची आस सर्वांसच असते. त्यासाठीं सुनेनें नोकरी सोडावी कीं सासऱ्यानें पत्त्यांचा डाव सोडावा, याचा विचार एकदां सर्वांनीं मिळून जेवणानंतर बसून करावा. एका घरांत जरी तो झाला तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.